इथी काय काय नाई

मामा गेल्याचा निरोप आला तेव्हा माझ्या ओठावर अर्धी मिशी होती. वडशाला आमच्या नाटक मंडळीची तालीम चालू होती. मी लुच्च्या सावकाराचं काम करणार होतो. रंगवणाऱ्यानं डावी मिशी चिकटवून उजवीला हात घातला, तेवढ्यात आमच्या गावचा कवडू मोटारीतून उतरून थेट दारात येऊन उभा राहिला. "चाल गा," तो म्हणाला, "डोमाजीभाऊ गेले." मी होतो तसाच उठलो. मोटारीनं गडचिरोली आणि तिथून धानोऱ्याच्या वाटेनं बैलबंडीत बसून गाव गाठलं. वाटेत सारे लोक माझ्याकडे टकमक का बघत होते, तेही मला समजलं नाही. अंगण माणसांनी भरलं होतं. मी मामाच्या पायांवर डोकं ठेवून उठलो, तेव्हा मामी जवळ आली आणि कोणाला ऐकू जाणार नाही इतक्या हळू म्हणाली, "मिशी काढ पहिले. त्याईच्या समोर त नको."

एरवी एखाद्या नटाला अशी फजिती पुढे दहा वर्षं सांगायला पुरते. मीही सांगितली असती, वर थोडं मीठमसाला लावून. पण चिकटवलेल्या मिशीची आमच्या घरात लाज आहे... आणि ती लाज काय आहे हे सांगितल्याशिवाय मामाबद्दल काही सांगता येत नाही.

डोमाजी हा माझ्या आईचा धाकटा भाऊ. गावाचं नाव लिहीत नाही. लिहिलं तर आमच्या पोरींना स्थळं यायची बंद होतील. धानाची शेती, एक तळं आणि पलीकडच्या पाड्यातल्या कुत्र्यांनीही कान टवकारावेत असा आवाज, एवढी मामाची इस्टेट. हिवाळ्यात तो झाडीपट्टीतली मंडळी घेऊन गावोगाव नाटकं करायचा. नट म्हणून तो चांगलाच होता, पण नट गोळा करण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. नागपूरहून नायिका आणायची तर हा स्वतः जायचा. "उतरायले बंगला आहे, दारात टांगा आहे, दूध म्हणसान तेवढं आहे जी!" बिचारी यायची. बंगला म्हणजे शाळेची खोली निघायची, टांगा म्हणजे आमची बंडी आणि दूध म्हणजे बकरीचं. ती कपाळावर हात मारून घ्यायची आणि मामाला शिव्या मोजायची. मामा मान खाली घालून ऐकायचा, मग स्वतः चूल पेटवून चहा करायचा. तिसऱ्या प्रयोगाला टाळ्या पडल्या की बाई हंगाम संपेपर्यंत हलायची नाही. मी त्याला एकदा म्हटलं, "मामा, आधी खरं सांगत जा ना." तो म्हणाला, "खरं सांगतलं त येते कोन?"

मग स्वराज्य आलं आणि पाठोपाठ आमच्या गावात सहकारी संघ आला. हिरडा, डिंक, लाख, मोहफूल हे सगळं तोवर ठेकेदार विकत घ्यायचा, आणि मोजायचा स्वतःच्या पायलीनं. ती पायली गावातल्या कुठल्याही पायलीपेक्षा मोठी होती, हे लहान पोरालाही दिसायचं. आता आजूबाजूच्या गावांनी मिळून माल गोळा करायचा आणि संघानं तो विकायचा असं ठरलं. मामा अध्यक्ष झाला. सरकारची अट एकच होती. संघ चालवायला शिकलेला, लायक मॅनेजर हवा. नसला तर माल पुन्हा ठेकेदाराकडे. नागपूरच्या पेपरात जाहिरात दिली. पहिला उमेदवार आला त्याच बंडीनं परत गेला. दुसऱ्याला तळ्यावर वाघाचं पाऊल दिसलं. तिसऱ्याच्या सासऱ्यानंच त्याला येऊ दिलं नाही. मुदत संपत आली, तेव्हा मामानं धोतर झटकलं. "नायिका आनतो आपण, मॅनेजर नाई आनू शकत?" आणि छोट्या रेल्वेगाडीत बसून तो नागपूरला गेला.

तिथे त्याला सबनीस भेटले. हुशार आणि सरळ गृहस्थ. काम ऐकूनच त्यांचे डोळे चमकले, असं मामा सांगायचा. अडचण होती ती सबनीसबाईंची. त्यांची मुलगी कुंदा, पाच-सहा वर्षांची, तिला दमा होता. बाईंनी बंगला विचारला नाही, टांगा विचारला नाही. एवढंच विचारलं, "तिथं डॉक्टर आहे का?" आणि मामाच्या तोंडातून सवयीनं निघून गेलं, "आहे जी! मोठा डॉक्टर आहे!" बाई म्हणाल्या, "मग आम्ही आधी येऊन बघून जाऊ."

आता वाचकहो, पुढचं सांगताना मला हसू येतं आणि त्या हसण्याची शरमही वाटते. गावानं दवाखाना उभा केला. शाळेच्या खोलीला चुना लागला. आमच्या पडदे रंगवणाऱ्यानं अशी सुंदर पाटी रंगवली की खऱ्या डॉक्टरलाही हेवा वाटावा. बाटल्यांत रंगीत पाणी भरलं. डॉक्टरचं काम कोण करणार यावर चर्चा झालीच नाही. "दुसऱ्याले जमनार नाई," मामा म्हणाला. बाईंनी त्याला नागपुरात पाहिलेलं, म्हणून अध्यक्ष कामासाठी चांद्याला गेल्याचं सांगायचं ठरलं. मामानं मंडळीच्या पेटीतला पांढरा कोट चढवला, चष्मा लावला, कल्ल्यांपर्यंत जाणारी मिशी चिकटवली आणि आवाज असा काही बदलला की मामी दारातून म्हणाली, "हे कोन आले जी?" मी रोगी झालो. कण्हत आत गेलो, एक घोट रंगीत पाणी प्यालो आणि नाचत बाहेर आलो. बाई बघत होत्या म्हणून जरा जास्तच नाचलो. मामानं कुंदाची छाती तपासली, पाठीवर बोटं वाजवली आणि म्हणाला, "काळजी करू नका. मी आहे ना." बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. ते पाणी आम्ही सगळ्यांनी बघितलं. त्या दिवशी आम्हाला वाटलं, प्रयोग रंगला.

सबनीस राहायला आले. त्या हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात संघ असा चालला की काय सांगू! पाड्यावरच्या बाया डोक्यावर मोहफुलांच्या टोपल्या घेऊन यायच्या, आपल्या डोळ्यांसमोर मोजून घ्यायच्या आणि पायलीकडे बघत हसायच्या. डॉक्टरची चौकशी झाली की कोणीतरी सांगायचं, दौऱ्यावर गेले आहेत. कोणी सांगायचं, आई आजारी आहे त्यांची. मामा मधल्या काळात खरा डॉक्टर शोधत होता, हेही खरं. चांद्याला गेला, गोंदियाला गेला, पण इकडे यायला कोणी तयार होईना. मामी रोज म्हणायची, "सांगून टाका त्या बाईले." मामा म्हणायचा, "सांगतो ना. पाण्याच्या आधी सांगतो." पाऊस आला, धानाची रोवणी झाली, श्रावण लागला. मामानं सांगितलं नाही.

त्या दुपारी सबनीस नागपूरला गेलेले होते. कुंदाला दम लागला. बाईंनी शेजारच्या पोरीला पाठवलं, "डॉक्टरांना बोलावून आण, असतील तिथून." पोरगी आमच्या अंगणात आली. मामा कुदळीला दांडा बसवत होता. ऐकलं आणि खाली बसला. मामीनं आतून कोट आणला नाही, मिशी आणली नाही. नुसती त्याच्याकडे बघत राहिली. मग तो उठला आणि उघड्या डोक्यानं पावसातून निघाला. मी मागे गेलो. बाई दारातच होत्या. आतून पोरीचा श्वास ऐकू येत होता... लाकडात करवत अडकल्यासारखा. "अध्यक्ष, तुम्ही? डॉक्टर कुठे आहेत?" मामानं तोंड उघडलं. ज्याचा आवाज पलीकडच्या पाड्यापर्यंत जायचा, त्याचं बोलणं मला मागे उभं राहून ऐकू आलं नाही. बाईंनी पुन्हा विचारलं. तेव्हा तो म्हणाला, "बाई, डॉक्टर मीच होतो. इथी डॉक्टर नाई."

मी वाट बघत होतो की त्या ओरडतील. चप्पल काढतील. ते बरं झालं असतं. बाई अगदी शांत आवाजात म्हणाल्या, "आता खरं सांगा. इथं आणखी काय काय नाही?"

आणि मामा पावसात उभा राहून सांगू लागला. "दवाखाना नाई. औषध नाई. कठाणीवर पूल नाई. मोटार आता चालत नाई. बंडी चिखलात जात नाई." प्रत्येक 'नाई'बरोबर त्याचे हात पुढे यायचे, जसे रंगभूमीवर यायचे. ते बघून बाई म्हणाल्या, "हात खाली घ्या." मामानं हात पाठीमागे घेतले आणि एकात एक धरून ठेवले. "मग काय आहे?" बाईंनी विचारलं. "डोंगा आहे," मामा म्हणाला, "आन् ढिवर आहेत."

पोरीला बाजेवर निजवून आम्ही खांद्यावर नेलं. पुढचा पाया मामानं धरला तो नदीपर्यंत कोणाला दिला नाही. ढिवरांनी, म्हणजे आमच्याकडच्या कोळ्यांनी, भरल्या कठाणीतून लाकडी डोंगा काढला. कसा काढला ते त्यांनाच ठाऊक; आम्ही डोळे मिटले होते. गडचिरोलीच्या दवाखान्यात पोरीला सुई दिली, आणि संध्याकाळी तिचा श्वास मोकळा झाला. कुंदा वाचली. मामा बाहेर चिंचेखाली उभा होता. बाई एकदा बाहेर आल्या, त्याच्या अंगावरून नळावर गेल्या, पाणी भरून परत आत गेल्या. मी विचारलं, "काही म्हणाल्या का?" मामा म्हणाला, "काई नाई."

सबनीस परत आले, बायको-पोरीला घेऊन गेले आणि पुन्हा फिरकले नाहीत. मॅनेजर नाही म्हणून संघाला कुलूप लागलं. ठेकेदार आपली पायली घेऊन परत आला. बाया पुन्हा त्याच्यासमोर टोपल्या उतरवू लागल्या. मामाला कोणी बोललं नाही. एखादी बाई वाटेत भेटली की उलट तीच त्याला राम राम करायची. मामा मग मोठ्या वाटेनं जायचा बंद झाला, बांधाबांधानं जाऊ लागला. मंडळी त्यानं माझ्या गळ्यात घातली. पांढरा कोट मामीनं उसवला आणि भांडी पुसायला घेतला.

एक काम मात्र त्यानं सोडलं नाही, ते म्हणजे मॅनेजर शोधणं. जिल्हा मुंबई राज्यात गेला, साहेब बदलले, अट तीच राहिली. उमेदवार आला की मामा ओसरीवर उभा राहायचा, हात मागे बांधायचा आणि सांगायला लागायचा. "इथी डॉक्टर नाई. पावसाळ्यात रस्ता नाई. कठाणी भरली का इकडचा मानूस तिकडे नाई. शाळा चौथीपर्यंत, मास्तर असला त. हिवताप आहे. वाघ आहे. भाजी हाटाच्या दिवशी भेटते, तेही भेटली त. तरी येता का जी?" उमेदवार अर्थातच पळायचे. संघाचे पंच कातावले. कवडू एकदा त्याच्या तोंडावर म्हणाला, "भाऊ, तुमी मॅनेजर आनून राह्यले का हाकलून राह्यले?" मी म्हटलं, "मामा, निदान वाघ तरी गाळ." तो म्हणाला, "त्या बाईनं सारं इचारलं होतं, अर्धं नाई." हात मागेच का, असंही मी एकदा थट्टेनं विचारलं. "हात मोकळे असले का ते आपल्या मनानं बोलतेत," मामा म्हणाला. मी हसलो. तो हसला नाही.

शेवटी मूल गावचे उराडे आले. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "पानी गोड आहे का?" मामा म्हणाला, "आहे." "मंग राहतो." संघ पुन्हा उघडला, आणि अजून चालतो आहे. नागपूरला जाऊन आल्यावर या उराड्यांनीच एकदा सहज सांगितलं की सबनिसांची मुलगी चांगली मोठी झाली आहे, शाळेत जाते. मामा जेवत होता. ताटावरून उठला, गोठ्यात गेला आणि बराच वेळ बाहेर आला नाही.

मामाला जाऊन आता काही आठवडे झाले. उराड्यांचे वडील थकले, म्हणून ते मूलला आपल्या शेतीवर परत चालले आहेत. गेल्या हाटाच्या दिवशी नवा उमेदवार आला, नागपूरचा तरुण मुलगा, सोबत त्याची म्हातारी आई. मुलगा लाख माणसांत उठून दिसावा असा. हिशेबाचं विचारलं, मालाचं विचारलं, पाड्यावरच्या बायांशी बोलला. पंच एकमेकांकडे बघून मान हलवत होते. ओसरीवर मामाच्या जागी मला उभं केलं होतं, कारण बोलणारा मीच. म्हातारी पायऱ्या चढून धापा टाकत बसली, पाणी प्याली आणि म्हणाली, "डॉक्टर कुठे असतात हो तुमचे?"

काय सांगू... माझ्या तोंडात 'जवळच' तयार होतं. नुसतं तयार नव्हतं, चाल लावलेलं होतं. उजवा हात अर्धा वर गेला होता, 'हे काय, इथंच!' म्हणायला. पंच माझ्याकडे बघत होते आणि त्यांनाही तेच हवं होतं. आत मामीनं भांडी पुसायची थांबवली. वरच्या ओठाला चिकटवलेल्या मिशीसारखी खाज सुटली.

मी हात मागे नेले आणि एकात एक घट्ट धरले. "इथी डॉक्टर नाई," मी म्हणालो, आणि मग सांगत गेलो. रस्ता, नदी, शाळा, हिवताप. वाघही गाळला नाही. शेवटी विचारलं, "तरी येता का जी?" म्हातारीनं मुलाकडे पाहिलं, मुलानं तिच्याकडे. आत मामी पुन्हा भांडी पुसू लागली होती. उत्तर येईपर्यंत मी हात सोडले नाहीत.