तापाची रजा, आवणीची रजा

“तोंड उघड. आणि माझ्या अंगावर श्वास सोडू नकोस.”

हे बोलल्या त्या डॉक्टरांच्या पत्नी. पालघरातल्या त्या खाजगी प्रसूतिगृहाचा सगळा कारभार त्यांच्याच हातात. आम्ही त्यांना नुसतं बाई म्हणायचो. मी तिथे आया. मागच्या पडवीत, मोरीच्या वर, भिंतीला एक खिळा होता, त्याला सुतळी, सुतळीला थर्मामीटर. तो आम्हा आयांचा. बाळंतिणींचे थर्मामीटर आत स्पिरिटच्या ग्लासात असायचे. ते धुवायचे आम्ही, पण तोंडात धरायचे नाहीत. डॉक्टर आमची नाडी कधी बघत नसत. आम्ही मनोरच्या पलीकडच्या, डोंगरातल्या बायका. या गावाची किती पोरं आमच्या हातांनी न्हाली. पण तोच हात डॉक्टरांना हातात धरवत नव्हता.

तर त्या दिवशी अंगात ताप होता, मी तोंड उघडलं. आणि तो थर्मामीटर त्या सकाळी आधी कुठे जाऊन आला होता ते मला माहीत होतं. बाईंचा कुत्रा दोन दिवस खात नव्हता. डॉक्टरांनी त्याची शेपटी वर केली, थर्मामीटर खुपसला, बघितला, गवतावर पुसला आणि परत खिळ्याला अडकवला. मी अंगण झाडत होते. डोळ्यांनी बघितलं. तरी तोंड उघडलं. का, ते सांगते.

तेव्हा आम्हाला वर्षाला पगारी रजा दोन तऱ्हेच्या. बारा दिवस सुट्टीचे, सात आजाराचे. आजाराचे दिवस मिळायचे, पण बाईंनी पारा चढलेला बघितला तरच. नाहीतर घरी राहिल्याचा दिवस सुट्टीतून जायचा. आणि ती सुट्टी मला आवणीला लागायची. आमच्याकडे भाताच्या लावणीला आवणी म्हणतात. माझी आई विधवा, उतारावरचा एक तुकडा, त्यात हात दोघींचेच. रोप तयार झालं की थांबत नाही. उशीर झाला तर म्हातारं होतं, मग दाणा धरत नाही. मी बारा दिवस गेले नाही तर वर्षभर घरात भात नाही, इतकी साधी गोष्ट.

म्हणून कुत्र्याच्या ढुंगणातला थर्मामीटर मी जिभेखाली धरला. पारा चढला. दोन दिवस मिळाले. खोलीवर गेल्यावर राखेने जीभ घासली, रक्त येईपर्यंत. आज इतक्या वर्षांनी लिहिताना तोंडात थुंकी जमते आहे.

पुढच्या वर्षी भिंतीला कागद लागला. मी शाळेची पायरी चढलेली नाही. अक्षरं आणि आकडे शिकले ते बाळंतिणींच्या खाटांना टांगलेल्या तक्त्यांवरून. मीच तो कागद सगळ्यांना वाचून दाखवला. आता सगळी रजा एकत्र, पंधरा दिवस. कशाला घेता ते विचारणार नाही, ताप बघणार नाही. एकोणीसाचे पंधरा झालेले मला दिसले होते. पण खिळा मोकळा झाला होता हो, आणखी काही दिसेचना. बाई म्हणाल्या, आजारी पडा नाहीतर मजा करा, मला काय त्याचं.

माझ्याबरोबरची काशी फडकं पिळता पिळता हळूच म्हणाली, “बाईला ने गं एकदा तुझ्या शेतात. गुडघाभर चिखलात मजा कराला.” आम्ही तोंडं दाबून हसलो.

आणि मग काय झालं, तर आमच्यातली एकही आजारी पडली नाही. बाई पाहुण्यांना कौतुकाने सांगायच्या, बघा, सवलत दिली तशी यांची सोंगं थांबली. सोंगं! काशी हगवण लागलेली असताना दिवसभर लादी पुसायची. मी खोकला पदरात दाबायची. एकेक दिवस आवणीसाठी वाचवायचा होता ना.

आईचा निरोप आला, रोप तयार आहे. चार दिवसांनी मी जाणार, आणि मला हिवताप भरला. तशीच कामावर आले. सातपाटीची एक मासळी विकणारी बाळंतीण होती, तिची दोन पोरं आधी गेलेली, हा तिसरा. मी पाय पसरून त्याला न्हाऊ घालायला पायांवर घेतला. हुडहुडीने माझे हात बधिर झाले होते. पाणी हाताने बघितलं, ते मला कोमट लागलं.

कोमट नव्हतं. पोर किंचाळलं. पाठ लाल झाली. मी गार पाणी ओतत सुटले. कातडी सुटली नाही, एवढंच नशीब. त्याची आई भिंत धरत धावत आली आणि तिने माझं मनगट पकडलं.

“पेटली हायस की तू! अशी कामाला कशाला आली?”

म्हटलं, घरी राहिले तर माझे आवणीचे दिवस जातात.

“मंग तुझे दिवस माझ्या पोराच्या पाठीवर वाचवतेस व्हय?”

ती खरं बोलली. माझी मलाच किळस आली.

तोवर बाई आल्या. शांत होत्या. म्हणाल्या, “पंधरा दिवस पडलेत ना तुझे? मग राहायचं घरी. मी अडवलं होतं का?”

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. आधी या बाईचे हात तरी दिसायचे. आता हात धुवून मोकळी झाली होती. आजारही आमचा, शेतही आमचं, आणि अंग मारायचं की शेत, ते आमचं आम्ही ठरवायचं. वर मेहेरबानी तिची.

मी आत गेले. ग्लासातला थर्मामीटर काढला आणि सगळ्या खाटांच्या मध्ये उभी राहून तोंडात धरला. बाई ओरडल्या, तो बाळंतिणींचा आहे. मी काढला नाही. मग त्यांच्यासमोर धरला. त्यांनी घेतला नाही. मीच वाचला.

“एकशे तीन. मी आजारी हाय. ही माझी सुटी नाय, बाई. आजाराचे दिवस निराळे मांडा.”

“मग परत येऊच नकोस,” बाई म्हणाल्या.

नाही गेले. चौथ्या दिवशी ताप उतरला, आवणी झाली, नोकरी गेली. पुढे तारापूरला मोठं बांधकाम निघालं, तेव्हा बोईसरला एका कंत्राटदाराच्या भटारखान्यात काम विचारायला गेले. पहिलाच सवाल केला, आजाराचे दिवस किती आणि सुट्टीचे किती? मुकादम हसला. म्हणाला, “छुट्टी तो छुट्टी होती है, मौसी.”

मी चपला घातल्या. तेव्हा घरात दोन दिवसांचे तांदूळ होते. तरी घातल्या. आजारपण ही माझी सुट्टी नाही. कुणी कितीही गोड कागदावर तसं लिहिलं, तरी त्याखाली माझा अंगठा नाही, सही नाही.