फोन ठेवायचं काम काजलचं

काजल गेली हे मला कुणी सांगितलं नाही. धाकट्या भावाचा, बापूचा, सकाळी फोन आला आणि तो एवढंच म्हणाला, "अक्का, सांगलीला ये." मी विचारलं, पोरीचा ताप उतरला का? तर म्हणाला, "तू ये." आमच्यात अशीच रीत आहे. मेल्याची बातमी फोनवर देत नाहीत. जास्त आहे म्हणतात, ये म्हणतात, आणि माणूस दारात पोचलं की त्याला आपोआप कळतं. मी स्वतः किती जणांना असं बोलावून घेतलेलं आहे. तरी सातारच्या स्टँडवर मी मोसंबी घेतली. कऱ्हाडपर्यंत मी स्वतःला सांगत होते की बापू दवाखान्यात एकटा पडला असेल, म्हणून बोलावलं. कऱ्हाड सोडल्यावर ते काही मला पटेना. सांगलीच्या स्टँडवर काजलचा भाऊ विकास गाडी घेऊन आला होता. मी म्हटलं, मोसंबीचा रस चालेल ना तिला? त्यानं पिशवी माझ्या हातातून घेतली, हँडलला अडकवली, आणि गाडीला किक मारली… मी मागं बसले.

डेंग्यूचा ताप होता. सुट्टीला गावी आली आणि आजारी पडली. डॉक्टरांनी करायचं ते केलं. कुणाला दोष द्यायला जागा नाही आणि देऊन उपयोगही नाही. एम.ए.ची शेवटची परीक्षा राहिली होती.

काजल माझी भाची, बापूची पोरगी. आमचं मूळ गाव जत तालुक्यात, घर मेंढरांचं. बापू अजूनही दिवाळी झाली की कळप घेऊन बाहेर पडतो, भावजयही त्याच्याबरोबर जाते. त्या फिरण्यात पोरीची शाळा बुडायला लागली म्हणून आठवीला मी तिला साताऱ्याला आणली. माझे मालक पलटणीत होते. ते वारल्यावर औद्योगिक वसाहतीच्या मागं दोन खोल्यांत मी एकटीच राहत होते, मूलबाळ नाही. तिला मी लाडात वाढवली असं म्हणणार नाही. जेवायला घातलं, पहाटे उठवलं, ओरडले. तीही काही गुणांची पुतळी नव्हती. चहाचा कप जिथं प्यायली तिथंच ठेवायची आणि बोललं की म्हणायची, "आत्ती, त्यो कप काय पळून जातोय व्हय?"

बारावीनंतर ती पुण्याला गेली. तिकडं जाऊन तिनं विद्यापीठात स्पॅनिश घेतलं आणि मग आम्हांला सांगितलं. गावाकडं हसू झालं. कुणी म्हणालं नर्स झाली असती, कुणी म्हणालं पोलीस भरतीला उंची चांगली होती. भाषाच शिकायची तर जर्मन शिकायची, निदान कंपनीत तरी लागली असती, हे सांगणारेही निघाले. आमच्या एका चुलत भावानं भर लग्नात तिला विचारलं, "काय गं, पाव्हणं बघाय आल्यावर इस्पॅनिशमधी लाजणार काय?" ती म्हणाली, "व्हय अण्णा, आन् न्हाई म्हनायचं बी त्याच भाषेत. म्हंजी कुनाला राग याला नको." चुलत भावाला हसावं लागलं. मी मात्र घरी आल्यावर तिला सरळ विचारलं, ह्यानं पोट भरंल का? तिनं आधी चपला काढून कोपऱ्यात ठेवल्या. मग म्हणाली, "म्हाईत न्हाई आत्ती. पर कुनी ती भाषा बोलाय लागलं की मला ऐकतच ऱ्हावंसं वाटतंय." हे काही उत्तर नव्हे. पण खोटं सांगून माझी समजूत काढली नाही, तेवढं मला बरं वाटलं.

बी.ए.ची पदवी मिळाली तेव्हा पुण्यात समारंभ झाला. बापू आणि भावजय कळपामागं कोरेगावच्या बाजूला होती, माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. आमच्यातलं कुणीच गेलं नाही. तिनं काळा झगा आणि टोपी घालून फोटो काढला आणि घरच्या सगळ्यांना धाडला. फोटोत ती जरा जास्तच ताठ उभी आहे. गावाकडून एकच विचारणा आली, आता नोकरी कधी?

भाषा नुसती वाचून येत नाही, बोलायला कुणीतरी लागतं, म्हणून त्यांच्या विद्यापीठात मुलांना स्पेनमधल्या कुणाशी तरी फोनवर बोलायला सांगतात. काजलला एक तिच्या वयाचा पोरगा मिळाला होता. तो थोडे दिवस बोलला आणि कंटाळला. कंटाळला तो कंटाळला, जाताना स्वतःच्या आजीला पुढं करून गेला. ही पिलारबाई. डोंगरातल्या एका गावात एकटी राहते. गाव बहुतेक ओसाड झालेलं. तिला बोलायला कुणी नव्हतं आणि हिलाही नव्हतं, त्यामुळं जुळलं. दर रविवारी आमच्याकडं दिवेलागणीला तिचा फोन यायचा. तिच्याकडं तेव्हा लख्ख ऊन असायचं. काजल साताऱ्याला असली की फोन ओट्यावर खलबत्त्याला टेकवून बसायची. बोलताना चुकली की पिलारबाई बोट वर करायची आणि तेच परत म्हणायला लावायची. मी भाकरी थापता थापता बघायचे. मला ती बाई पहिल्या दिवसापासून पसंत होती. चूक झाली की तिथंच थांबवणारी माणसं आता राहिली नाहीत.

हळूहळू मीही त्यात ओढली गेले. पिलारबाईनं विचारलं, मागं बसलेली ती कोण? मग तिनं मला विचारायचं, मी तिला विचारायचं, आणि काजलनं दोन्हीकडचं सांगायचं. पिलारबाईचा बापही थंडीत मेंढरं घेऊन डोंगर उतरायचा हे कळलं तेव्हा मी चाट पडले. एकदा लोकर कातरण्यावरून बोलणं निघालं आणि काजल अडली. कातरीला तिकडं काय म्हणतात ते तिला येईना. तिनं हातानं करून दाखवलं, तशी पिलारबाई उठून गेली आणि गंजलेली कातर घेऊन आली. आमच्या वडिलांची, आप्पांची होती तशीच, मधोमध वाकवलेल्या एकाच पट्टीची. काजल म्हणाली, आता एम.ए.ला ह्याच्यावरच लिहिते, तिकडचे मेंढके आन् आपले मेंढके. "तुमा दोन म्हाताऱ्यांच्या जिवावर डिग्री घेती बघ." पिलारबाई तिला सांगायची, परीक्षा झाली की इकडं ये, लोकर कातरायच्या दिवसांत ये. काजल पैसे साठवत होती. पासपोर्ट काढला होता.

ती पुण्याला असली की रविवारी फोनवर तीन चौकोन दिसायचे. एकात पिलारबाई, एकात मी, एकात काजल वसतिगृहाच्या कॉटवर. फोन ठेवायचं काम तिचं. आम्ही दोघी निरोप घेतला तरी हलायचो नाही. परत काहीतरी आठवायचं, परत हात हलवायचे. शेवटी काजल म्हणायची, "पुरे आता, ठेवते मी," आणि तेच तिकडच्या भाषेत म्हणायची, आणि ठेवायची. ती ठेवायची म्हणून आम्हांला कधी ठेवावा लागला नाही.

तेराव्यानंतर मी साताऱ्याला परत आले. बापूनं तो काळ्या झग्यातला फोटो मोठा करून घेतला होता, एक प्रत मला दिली. मी ती खिळ्याला लावली आणि हार घातला. रविवारी फोन वाजला. मधले रविवार मी सांगलीकडं होते, फोन कुठं तरी पडलेला. उचलला तर पिलारबाई. दोनच चौकोन. ती म्हणाली, "काजल?" आता मला त्या भाषेतले पाच-सहा शब्द येतात, ते सगळे हसतखेळत शिकलेले. ह्या कामाचा त्यात एकही नव्हता. मी म्हटलं, "काजल… नो." तिनं मान डोलावली, म्हणजे आज घरात नाही, बरं. आमच्या माणसाला मी ये म्हटलं असतं. तेवढ्यानं भागलं असतं. त्या बाईला ये कसं म्हणू? मग मी फोटो खिळ्यावरून काढला आणि फोनसमोर धरला. हार घातलेला फोटो दाखवल्यावर आणखी काय सांगायचं राहतं, असं मला वाटलं.

तर तिनं टाळ्या वाजवल्या.

झगा, टोपी, त्यावर फुलांचा हार. तिला वाटलं पोरगी पास झाली, सत्कार झाला. बोटांची चुंबनं घेऊन फोटोकडं उडवली. मग फोन उचलून चालायला लागली आणि आतली खोली दाखवली. तिथं एक पलंग होता, वर पांढरी चादर घातलेली, खिडकी उघडी. ती पलंगावर हात थोपटत होती आणि काजल काजल म्हणत होती… मी फोटो धरून तशीच उभी होते. शेवटी तिकडची रेंज गेली की काय झालं, चित्र थांबलं.

विकासला सांगितलं तर म्हणाला, "आत्ती, त्यात काय, फोनातच भाषा बदलून मिळती. लिवून धाडतो." मी म्हटलं, धाडू नको. दाराखालनं बिल सारल्यागत पोरीचं मरण कुणाच्या घरात टाकायचं नाही. त्यानं धाडलं नाही, पण दुसरं काय करायचं ते त्यालाही सुचेना आणि मलाही. पुढचा रविवार आला, मी फोन उचललाच नाही. वाजू दिला. तिकडं ती बाई पलंग घालून बसली आहे आणि पोरगी येणार म्हणून वाट बघते आहे. सगळ्या जगात काजल एवढ्या एकाच घरात जिवंत होती. ते बरं की वाईट, मला ठरवता येईना. जेवण जाईना तेव्हा ठरवलं, हे काही खरं नाही.

पुण्याहून काजलला शिकवणाऱ्या बाईंचा समाचाराला फोन येऊन गेला होता. त्यांना मी सांगितलं, एवढं एक काम करा, पिलारबाईला तिच्या भाषेत सांगा. त्या हो म्हणाल्या, पण म्हणाल्या, "आत्या, तुम्ही समोर बसाल तरच." मग विचारलं, आधी थोडं इकडचं तिकडचं बोलून मग सांगू का? मी म्हटलं, "सरळ सांगा. मला कुनी सरळ सांगितलं न्हाई. साताऱ्यापास्नं सांगलीपतोर मी मोसंबी मांडीवर घिऊन बसली हुती."

रविवारी पुन्हा तीन चौकोन झाले, तिसऱ्यात बाई. पिलारबाई त्यांना बघून हसली. बाई बोलायला लागल्या. मला शब्द कळत नव्हते, मी फक्त पिलारबाईच्या तोंडाकडं बघत होते. एका शब्दावर तिचा हात गळ्याशी गेला. तो शब्द कोणता ते मी नंतर बाईंना विचारलं नाही. ज्या भाषेसाठी पोरीनं एवढ्यांची बोलणी खाल्ली, तिच्यातला तो एक मला नको.

मग पिलारबाई काहीतरी म्हणाली, आणि परत तेच म्हणाली. बाईंना सांगायला जड गेलं. "त्या म्हणतात… मी टाळ्या वाजवल्या."

मी म्हटलं, "त्येस्नी सांगा, वाजवल्या ते बरं क्येलं. त्या फोटोला कुनी वाजवल्याच नव्हत्या."

बाईंनी ते सांगितलं. पिलारबाईनं अ‍ॅप्रनला तोंड पुसलं. मी काही रडले नाही, त्या दोघी रडल्या.

बाईंना त्यांचं घरदार आहे, दर आठवड्याला त्यांना बसवून घेणं बरं नव्हे. पण पिलारबाईचा फोन दर रविवारी येतो. मी तो खलबत्त्याला टेकवते. दोनच चौकोन, अर्धा फोन तिचा, अर्धा माझा. ती तिच्या भाषेत बोलते, मी माझ्या. काजलबद्दल बोलत असेल, नाहीतर गुडघ्यांबद्दल. हिच्याशी बोलून मन हलकं होतं असं मी म्हणणार नाही. होत नाही. निरोपाचे शब्द तेवढे दोघींना येतात, ते आम्ही म्हणतो, हात हलवतो. आणि मग अडतं. ती ठेवत नाही, मीही ठेवत नाही. ती उठून भांडी घासायला लागते, त्याचा आवाज येतो. मी तवा टाकते, पीठ मळते. तिच्या खिडकीतलं ऊन भिंतीवरून सरकत जातं, मधूनच ती डोकावून बघते, मी आहे का. मी असते. भाकरी होतात, मी जेवते, ताट धुते, फोन चालूच. मग केव्हातरी त्याची बॅटरी संपते आणि तो आपला आपण बंद होतो.