बंदूक एक अदद, मय नौकर

ठाण्यात बंदुकीला खुर्ची दिली. मला फरशी.

मुन्शीनं खुर्चीवरच्या फायली उचलल्या, फडक्यानं धूळ झटकली आणि रावसाहेबांची दुनाली, दोन नळ्यांची बंदूक, तिच्यावर आडवी ठेवली. बड्या घरची चीज आहे, ओरखडा उठायला नको, असं हवालदाराला सांगितलं. मग माझ्याकडे बघून नुसतं बोट खाली केलं. मी बसलो. सकाळचे साडेनऊ झाले असतील. उठलो तेव्हा दोन वाजून गेले होते.

मी चोर नव्हतो. डाकूही नव्हतो. हे आधीच सांगून टाकतो, कारण त्या दिवशी मला ते कुणी सांगू दिलं नाही.

मी दरबारच्या फौजेतला. माझा बाप तबेल्यात होता, आजाही तिथलाच. आमची माणसं कधीकाळी दक्षिणेतून फौजेबरोबर ग्वाल्हेरला आली आणि इथलीच झाली. मी शस्त्रागारात होतो. बंदुका पुसायच्या, तेल द्यायचं, नंबर वाचून रजिस्टराशी ताडून बघायचे. मग रियासत गेली. आमची फौज मोठ्या फौजेत मिळवली आणि माझ्यासारख्या पुष्कळांना घरी बसवलं. मध्य भारत झाला. पुढे तोही गेला, मध्य प्रदेश झाला, राजधानी भोपाळला गेली. कचेऱ्यांच्या पाट्या बदलल्या, कागदांवरचे शिक्के बदलले. आम्ही मात्र शिंदे की छावनी या मोहल्ल्यातच होतो, रावसाहेबांच्या कोठीमागच्या एका खोलीत. मी काम करीन तोवर खोली माझी, एवढाच बोल झालेला.

त्या घरात आमच्या हातचं पाणी चालत नसे. बंदूक चालायची. शिकारीहून आले की रावसाहेब सगळी हत्यारं माझ्यापुढे टाकत. नळीतून गज फिरव, घोडे पूस, दस्ता चमकव. मला तहान लागली की स्वयंपाकीण वरून पाणी ओतायची आणि मी ओंजळ धरायचो. सहा वर्षं हे चाललं आणि सहा वर्षं मी ते चालू दिलं. खोटं कशाला बोलू.

तर हुकूम निघाला. बंदुकांचे जुने परवाने बदलून नवे घ्यायचे. त्याआधी प्रत्येक बंदूक ठाण्यात नेऊन नंबर तपासून घ्यायचा. रावसाहेबांकडे तीन बंदुका होत्या. आणि एक काळी मोटार. बंदुका मोटारीतून जातील असं मी धरून चाललो होतो.

रावसाहेब म्हणाले, "आज दुनाली घे आणि पुढे हो. चालत जा. मी दहाला मोटारीनं येतो."

माझा स्वभाव संशयी. शस्त्रागारात संशयी माणूसच टिकतो. मला वाटलं, मोटार दारात उभी असताना बंदूक पायी का? विचारलंच.

"मोटारीतून बंदूक उतरवताना लोकांनी पाहिलं तर म्हणतील, सरदार हत्यारं टाकायला आले."

म्हणजे असं होतं. राज्य गेल्याची लाज त्यांना होती आणि ती मी खांद्यावरून न्यायची होती.

मी म्हणालो, "मग परवाना माझ्याजवळ द्या. रस्त्यात कुणी विचारलं तर?"

"परवाना माझ्याजवळच राहील. तुम्ही लोक कागद हरवता."

शस्त्रागारात इतकी वर्षं काढली, माझ्या हातून एक रिकामं काडतूसही गहाळ झालं नव्हतं. पण मी बंदूक उचलली.

खोलीत येऊन बंदूक उघडली. दोन्ही नळ्यांतून आरपार उजेड बघितला. परत बघितला. काडतूस एकही बरोबर घ्यायचं नाही हे ठरवलं. बंदूक मिटवून कातडी गवसणीत घातली, पट्टे आवळले. दुसऱ्याची बंदूक कायद्यानं न्यायची तर चार गोष्टी लागतात. बंदूक रिकामी हवी, झाकलेली हवी, दारूगोळा जवळ नको आणि कागद खिशात हवा. माझ्याकडे तीन होत्या. चौथी रावसाहेबांच्या कोटात होती.

माझी बायको सोना दारात उभी राहून हे बघत होती.

"कागद कुठंय?"

"रावसाहेबांकडे."

"आणि अडवलं तर?"

"ठाण्यातच तर चाललोय. अडवून दुसरीकडे कुठं नेणार?"

"तुम्ही ना, फार सीधे आहात," ती म्हणाली. कौतुकानं नाही म्हणाली.

गवसणीत घातली तरी बंदुकीचा आकार लपत नाही. टांगेवाल्याला हात केला. त्यानं माझ्या खांद्याकडे पाहिलं आणि घोडा हाकला. दुसऱ्यानंही तेच केलं. त्या दिवसांत चंबळच्या बीहडातल्या, तिथल्या घळींतल्या डाकूंच्या गोष्टींनी सगळं शहर धास्तावलेलं. मग चालत निघालो. उघडी धरली असती तर डाकू ठरलो असतो. झाकून नेत होतो तर चोर दिसत होतो. तीच बंदूक मोटारीच्या मागच्या सीटवर पडलेली असती तर ती साहेबांची बंदूक असती, तिच्याकडे वळूनही कुणी बघितलं नसतं. हे मला चालता चालता कळत गेलं. समोरून येणारा प्रत्येक माणूस आधी माझ्या खांद्याकडे बघायचा, मग पायातल्या फाटक्या चपलांकडे आणि बाजूला व्हायचा.

इंदरगंजच्या चौकात शिपायानं काठी आडवी घातली.

"क्या है इसमें?"

"बंदूक है."

"किसकी?"

"हमारे रावसाहब की."

"लाइसेंस?"

"उनके पास है."

"और तू कहाँ जा रहा है?"

"थाने."

तो खदाखदा हसला. "चल, मैं ही पहुँचा देता हूँ."

जिथं मी चाललो होतो तिथंच मला नेलं. फक्त कॉलर धरून नेलं. चौकातली सगळी दुकानं बघत होती. पेरू विकणारी एक म्हातारी होती, तिनं आपली टोपली जवळ ओढून घेतली. त्या म्हातारीचा राग अजून माझ्या मनातून गेलेला नाही, आणि तिची काही चूक नव्हती हेही मला माहीत आहे.

ठाण्यात विचारलं, "किस गिरोह का है?" मी म्हणालो, मी फौजेत होतो. त्यावर हवालदारानं कानाखाली दिली. "फौज का नाम बदनाम करता है?" मग ती खुर्ची आणि ती फरशी.

दहा वाजले. मोटार आली नाही. अकरा वाजले. भिंतीवरचं घड्याळ माझ्या बरोबर समोर होतं. बाराच्या सुमाराला मला एक गोष्ट स्वच्छ दिसली. हा माणूस आलाच नाही तर? किंवा आला आणि म्हणाला, याला मी ओळखत नाही, यानं बंदूक उचलून आणली? एका वाक्याचं काम होतं. ते वाक्य त्याच्या तोंडून निघालं की मी वर्षानुवर्षं आत, आणि सोना त्या खोलीतून बाहेर. सहा वर्षं मी त्या माणसाचे बूट पुसले, हत्यारं राखली, दारू चढली की पलंगापर्यंत नेलं. आणि तो माझ्याबद्दल एक खरं वाक्य बोलेल याची मला खात्री नव्हती. फरशीवर बसून मी हेच घोकत होतो.

दोनला मोटारीचा भोंगा वाजला. ठाणेदार उठून उभे राहिले. मुन्शीनं खुर्चीवरची बंदूक उचलून टेबलावर ठेवली आणि त्या खुर्चीवर रावसाहेब बसले. चहा आला. उशीर का झाला हे कुणी विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही. परवाना कोटाच्या खिशातून निघाला, नंबर जुळला.

ठाणेदार नवीन होते, बाहेरच्या जिल्ह्यातून आलेले. कागद उलटसुलट करून म्हणाले, "रावसाहब, नौकर के हाथ बंदूक भेजनी हो तो लाइसेंस पर उसका नाम लिखवाना पड़ता है. इसके लिए अलग खाना है." खाना म्हणजे रकाना. मी त्या फरशीवर पहिल्यांदा मान वर केली. कागदावर माझ्यासाठी जागा होती. छापलेली. रिकामी.

रावसाहेब हसले. "अरे साहब, इन लोगों का क्या नाम लिखवाना!"

ठाणेदारही थोडंसं हसले.

मग मुन्शीनं ठाण्याच्या रोजनामच्यात नोंद लिहिली आणि मोठ्यानं वाचून दाखवली. "बंदूक दुनाली एक अदद, मय गिलाफ, मय नौकर, रावसाहब के हवाले की गई."

अदद म्हणजे नग. आणि मय म्हणजे काय ते मला कुणी शिकवायला नको. शस्त्रागाराच्या रजिस्टरात मी स्वतः तो शब्द रोज लिहिलाय. रायफल मय संगीन. पेटी मय ताला. मुख्य वस्तूबरोबर जे जे जातं त्याच्याआधी मय लावतात, म्हणजे मोजताना सुटत नाही. गिलाफ म्हणजे ती कातडी गवसणी. आधी बंदूक, मग गवसणी, मग मी. चामड्यानंतर माझा नंबर.

बाहेर आलो. मला वाटलं आता तरी बंदूक मोटारीत जाईल. रावसाहेब आत बसले, काचेतून म्हणाले, "तू ये चालत." परवाना परत त्यांच्याच खिशात. मी मागितलाही नाही. ही माझी खरी शरम आहे, कानाखाली खाल्ली ती नाही. माझ्या जन्माच्या गावात मी खाकी कपड्याला भीत भीत, मागच्या गल्ल्या शोधत घरी आलो. रडलोसुद्धा. बंदूक दोन्ही हातांनी छातीशी धरलेली, म्हणून डोळे पुसता आले नाहीत.

घरी सोनाला सगळं सांगितलं. ती पीठ मळत होती.

"मय म्हणजे काय हो?"

मी सांगितलं.

तिचे हात थांबले. "मग मी काय? मय नौकर, मय बायको?" मग पिठात परत हात घालून म्हणाली, "आणि उद्या मूल झालं की मय पोरगं?"

त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. तीही जेवली नाही.

दोन आठवड्यांनी उरलेल्या दोन बंदुकांची पाळी आली. रावसाहेबांनी व्हरांड्यात बोलावलं. टेबलावर बंदुका होत्या, नव्या परवान्याचा छापील कागद होता. ते म्हणाले, "दोन्ही घेऊन जा. मी दहाला येतो."

मी म्हणालो, "त्या रकान्यात माझं नाव लिहा. आणि कागद माझ्या खिशात द्या."

त्यांनी मला नीट पाहिलं. मला वाटतं सहा वर्षांत पहिल्यांदाच. पण ठाणेदारांनी या खेपेला बजावलं असावं, नाव नसेल तर बंदूक जप्त होईल म्हणून. रावसाहेबांनी पेनाचं टोपण काढलं आणि लिहिलं. मी टेबलाच्या या बाजूनं वाचलं. आवारात मला ज्या नावानं हाका मारत तेच होतं. अर्धं. शेवटी "या" लावलेलं.

"हे माझं नाव नाही."

"मग काय आहे?"

त्यांना माहीत नव्हतं. खरोखरच माहीत नव्हतं. मी सांगितलं. माझं, मग बापाचं, मग आडनाव. तिन्ही सावकाश सांगितली, लिहिणाऱ्याला सांगतात तशी.

त्यांनी पेनाला टोपण लावलं. "तुझ्या बापाचं नाव माझ्या परवान्यावर? सरकारी कागद आहे तो. तुमच्या वस्तीतली भिंत नाही."

"दरबारच्या तबेल्यात माझ्या बापानं तुमच्या वडिलांचा घोडा राखला. घोड्याची लाथ खाऊन मेला. त्याला नाव होतं."

"बंदुका उचल."

"नाव नाही तर बंदूक नाही."

"खोली सोडावी लागेल."

"सोडतो."

धीराचा पुतळा वगैरे मी नव्हतो. पण हातांना सवय होती. मी एकेक बंदूक उघडली, नळ्या उजेडाकडे धरल्या, त्यांना दाखवल्या. "रिकाम्या आहेत. बघून घ्या. मागून म्हणाल याच्यात काडतूस होतं." दोन्ही मिटवून टेबलावर परत ठेवल्या.

ते ओरडले, "तुझ्यासारखे छप्पन मिळतील मला!"

"मिळतील. त्यांना नाव विचारा."

त्याच दिवशी दुपारी आम्ही निघालो. एक पेटी, दोन गाठोडी, एक कंदील. कोठीच्या फाटकावर चौकीदारानं माझं गाठोडं सोडून तपासलं, काही नेतोय का म्हणून. मी तपासू दिलं. मग म्हणालो, पेटीही बघा, नंतर बोंब नको. सगळी पेटी रस्त्यावर उपसायला लावली. सोनाची लुगडी धुळीत पडली तरी मी थांबलो नाही.

पुढचे महिने वाईट गेले. सोना दाल बाजारात एका आडतीवर डाळ निवडायला बसायची, आणि मी रोज कोठ्या-कारखान्यांची फाटकं हिंडायचो. कामावरून का काढलं असं विचारलं की मी खरं सांगायचो, आणि खरं ऐकून कुणी काम देत नसे. सोना एकदा चिडून म्हणाली, थोडं झूठ बोललात तर काय बिघडेल? मी नाही बोललो. उपाशी होतो तरी नाही.

शेवटी कापडाच्या गिरणीत भरती निघाली. लांबलचक रांग. खिडकीतल्या बाबूनं नाव विचारलं. मी पूर्ण सांगितलं. त्यानं पहिलं तेवढं लिहिलं, तेही मोडून, आणि हात पुढच्या ओळीवर नेला.

मी म्हणालो, "पूरा लिखो."

"इतने से काम चल जाएगा."

"मेरा नहीं चलेगा. बाप का भी लिखो."

"पीछे लाइन देखी है?"

"देखी है. लिखो."

मागच्यानं शिवी घातली. कुणीतरी पाठीत कोपर मारलं. बाबू म्हणाला, भरती बंद करून टाकीन, तुझ्यामुळे सगळे जातील. जाऊ देत, मी म्हणालो. खिडकीतून हात घालून मी रजिस्टराची कड धरली होती. त्यानं ओढलं, मी सोडलं नाही. मग त्यानं लिहिलं. आडनावात चूक केली. मी ते खोडून परत लिहायला लावलं.

तेव्हापासून हेच. रेशनचं दुकान असो, दवाखाना असो, मतदारांची यादी असो. लोक म्हणतात, हा माणूस फार शक्की आहे, कुणाचा भरवसाच धरत नाही. नाहीच धरत. तिन्ही नावं लिहून होईपर्यंत मी कागदावरचा हात काढत नाही. ज्याला घाई असेल त्यानं माझा हात तोडावा.