मेयर झालेल्या बहिणीचं सांत्वन

आधी चहा घ्या. सांगतो सगळं, पण हसायचं ते आत्ताच हसून घ्या. माझ्या हातून जे झालं ते आठवून माझी बायको अजूनही भाकरी थापता थापता मधेच थांबते आणि तोंडाला पदर लावते. तव्यावरची भाकर करपते ती वेगळीच.

माझी धाकटी बहीण वनू. आता तिला सगळे वनमालाम्मा म्हणतात, पण आदिलाबादकडच्या, भीमपूरच्या बाजूच्या आमच्या गावात ती वनूच. कापूस वेचताना माझ्या पुढं निघायची आणि वर मलाच आळशी म्हणायची. लग्न होऊन खाली तेलुगू मुलखातल्या दूरच्या मोठ्या शहरात गेली. नवऱ्याचं दुकान सांभाळता सांभाळता बचतगट काढला, बचतगटातून भाषणं सुरू झाली, आणि एक दिवस बाई एमेले. म्हणजे आमदार हो! गावात आम्ही फटाके फोडले.

त्यानंतर एकदाच आली, आई गेली तेव्हा. दारापर्यंत गाड्या, अंगणभर माणसं. मी तिच्या शेजारी बसायला जागा शोधत होतो, तोवर ती निघालीसुद्धा.

मग आमच्यात उरला एक फोन नंबर. तोही तिच्या पीएचा. 'मेडम असेंब्लीत आहेत.' 'मेडम दौऱ्यावर आहेत.' पुढं पुढं तर नंबरच लागेना. म्हटलं, कामं वाढली असतील, मोठ्या माणसाला कशाला सतवायचं? पण खरं सांगू? भाऊबीजेला शेजाऱ्याच्या अंगणात ओवाळणीचं ताट दिसलं की मला घरात बसवत नसे. उगाच वावरात चक्कर मारून यायचो. वावरात त्या दिवशी काय काम असतं, सांगा.

तर असा मी एका बाजाराच्या दिवशी वांगी विकत बसलो होतो. समोरचा चहावाला गंगाधर पेपर घेऊन आला.

"किसनभाऊ, तुमच्या बहिनीचं एमेलेपन गेलं म्हन्ते."

"काय बोलतं गा?"

"मंग! आता तिले मेयर केलं म्हन्ते."

"मेयर म्हंजे?"

"आपल्या आदिलाबादले मुन्सिपालटीचा चेअरमन नाई काय? तसंच असंन. नाल्या, डास, मोकाट कुत्रे."

माझ्या हातातला तराजू खाली आला. असेंब्लीतून थेट नाल्यांवर! तुम्ही म्हणाल, या माणसाला एवढं कळू नये? कसं कळावं? आदिलाबादला चेअरमन, निर्मलला चेअरमन. मेयर हा प्राणी आम्ही पाहिलेलाच नव्हता. एमेले मात्र पाहिलेला होता. तो आला की तहसीलदार उभा राहतो, एवढं ठाऊक.

आणि आमच्यात रीत आहे. पोरीवर सासरी वाईट वेळ आली की भावानं बोलावण्याची वाट पाहायची नाही. जायचं, आणि तिला चार दिवस माहेरी घेऊन यायचं. घरी येऊन बायकोला सांगितलं. तिनं डोळे पुसले आणि लगेच मधली खोली सारवायला घेतली. चेहरे आमचे दोघांचेही पडलेले, पण मनात काय चाललं होतं ठाऊक आहे? वनू घरी येणार. बहिणीची खुर्ची गेली होती, आणि मी तिची खाट खिडकीशी टाकावी की भिंतीशी, ते ठरवत होतो.

दुःखाच्या घरी चूल पेटत नाही. म्हणून बायकोनं ज्वारीच्या भाकरी आणि घट्ट बेसन, म्हणजे तुमचं पिठलं, फडक्यात बांधून दिलं. आदिलाबादहून बस धरली आणि सकाळी वनूच्या गल्लीत उतरलो.

बघतो तर दारात डफडी वाजतायत. फुलांचे ढीग, हारांच्या टोपल्या, माणसांची रांग. इथं तरी माझी ट्यूब पेटायला हवी होती, नाही का? पण आमच्या भागात वय झालेलं माणूस गेलं की डफडी वाजवत, फुलं उधळत नेतात. मला वाटलं, शाबास. पद गेलं तरी एवढी माणसं भेटायला आली, म्हणजे पोरीनं काहीतरी कमावलं.

चपला बाहेर काढल्या, खांद्यावरचा दुपट्टा डोक्यावर ओढला आणि दिवाणखान्यात भिंतीला टेकून खाली बसलो. सोफे रिकामे होते, पण दुःखाच्या घरी सोफ्यावर कोणी बसतं का?

सफारी घातलेला एक माणूस पेढ्यांचं ताट घेऊन आला. तिचा नवा पीए. मी हात जोडले.

"नको साहेब. इस घर में मीठा कैसे खाऊं?"

"चाय लेंगे?"

"पानी भी नहीं उतरेगा गले से."

त्यानं ताट खाली ठेवलं. "आप कौन?"

"मॅडम का सगा भाई. गाँव से आया. बहुत बुरा हुआ साहेब. हमको तो कल मालूम पडा."

त्यानं माझ्या मांडीवरचं गाठोडं पाहिलं, डोक्यावरचा दुपट्टा पाहिला आणि तो धावतच बाहेर गेला. डफडी बंद झाली. 'अय्यो पापम्', म्हणजे आपलं अरेरे बिचारं, असं म्हणत एकेक जण आत डोकावू लागला. कुणी गळ्यातला हार काढून खिशात कोंबला, कुणी बुके सोफ्यामागं सरकवला. एक नगरसेवक माझ्याजवळ उकिडवा बसला.

"उमर क्या थी?" त्यानं हळूच विचारलं.

मी मनात म्हटलं, पदाची मुदत विचारतोय. "बस, पाँच साल."

त्याच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. तो उठला, गर्दीकडं वळून तेलुगूत काहीतरी बोलला, आणि सगळे माना खाली घालून उभे राहिले. दोन मिनिटांचं मौन. मीही उभा राहिलो. काय शहर आहे, मला वाटलं, एका बाईचं पद गेलं तर सगळे मौन पाळतात. मला हुंदकाच फुटला.

त्या शांततेत आतलं दार उघडलं आणि वनू आली. पाय अनवाणी, चेहऱ्यावर रक्ताचा थेंब नाही. माहेरचं लेकरू गेलं, असं तिला कुणीतरी आत जाऊन सांगितलं होतं.

"दादा, कोनाचं लेकरू गेलं?"

"लेकरू? लेकरं समदे मजेत हाये."

"मंग वहिनी?"

"ते वांगे तोडून राह्यली असंन."

"मंग गेलं कोन?"

"अवं, तुयं एमेलेपन गेलं ना बाई."

मौन दोन मिनिटांचं ठरलं होतं, ते आणखी थोडं चाललं. मग कोपऱ्यात कुणीतरी फसकन हसलं. पीएनं मागच्यांना ते तेलुगूत समजावलं, आणि हशा सरकत सरकत गेटपर्यंत गेला. डफडीवाल्यांनी काय समजून घेतलं कोण जाणे, त्यांनी दुप्पट जोरात सुरू केलं.

वनू मात्र हसली नाही. मनगट धरून तिनं मला आतल्या खोलीत नेलं आणि दार लावलं.

"दादा, मेयर म्हंजे अख्खं शहर हाये माह्याकडं. आपल्यासारखे कितीतरी गावं मावतीन त्याच्यात."

"अन् नाल्या?"

"नाल्याबी."

"मंग चांगलं झालं," मी म्हटलं. चांगलंच झालं होतं. पण मला ती मधली खोली दिसत होती.

तिनं माझ्या हातातलं गाठोडं घेऊन सोडलं. पलंगाच्या काठावर बसून भाकरीचा तुकडा मोडला, बेसनाला लावला आणि बराच वेळ नुसती चावत राहिली.

"एमेलेपन काल नाई गेलं, दादा. वर्स झालं. तिकीट कापलं माह्यं. गाडी गेली, पीए गेला, त्याच्यासंगं त्याचा फोनबी गेला. वर्सभर मी याच खोलीत बसून होती. दसरा गेला, दिवाळी गेली. वाटे, आता दादा येईन न्यायाले."

"निरोप तं धाडायचा."

"आई नाई आता. न बोलावता कशी येऊ?"

"आमाले वाटलं, तू कामात हायेस."

"काम नव्हतं, म्हनून तं वाट पाहून राह्यली होती."

आता बोला. ती रिकामी बसून दाराकडं बघत होती, तेव्हा हा भाऊ बाजारात वांगी विकत होता. आणि तिच्या दारात डफडी वाजली त्या दिवशी नेमका सांत्वनाला हजर! मला तिच्याकडं बघवेना. लहानपणी रडली की मी तिला खांद्यावर बसवून वावरभर फिरवायचो. मेयरला कुठं फिरवू?

"आलो ना आता," मी म्हटलं. "चाल. खोली सारवून ठेवली हाये."

ती काही बोलणार तेवढ्यात दारावर टकटक झाली. 'मेडम, कमिशनर साब आए.' तिनं हात धुतले. उरलेल्या भाकरी नीट बांधल्या आणि लोक दागिने ठेवतात त्या कपाटात ठेवून कुलूप लावलं.

"आता नाई जमत, दादा. पुढच्या खेपेले पडली, की येईन. चार दिवस नाई, चांगली महिनाभर राहीन. पन तवा न्यायाले तूच ये. उशीर नको करू."

"तू फक्त पड," मी म्हटलं. "दुसऱ्या दिवशी मी दारात."

आम्ही दोघंही हसलो. असा करार कुण्या मेयरनं कुण्या भावाशी केला नसेल.

बाहेर आलो. सगळ्या गर्दीसमोर वनूनं डोक्यावर पदर घेतला आणि खाली वाकून माझ्या पायांना हात लावला. आता तुम्हीच सांगा, धाकटी बहीण पाया पडली की भावाच्या तोंडून काय निघतं? विचार करायला वेळ असतो का? मी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि गेटपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, "अशीच मोठी होत जाय बाई. पुढच्या खेपेले मंत्री हो."

टाळ्यांचा कडकडाट झाला. वनूनं मान वर करून माझ्याकडं पाहिलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. लोकांना वाटलं, आनंदाचं.

घरी पोचलो तर बायको दारातच उभी. माझ्यामागं रिकामा रस्ता पाहून म्हणाली, "काऊन जी, एकटेच? वनूबाई कवा येनार?"

"आता कायची येते," मी म्हटलं. "मी तिले मंत्री करून आलो."