कडेगावचा कोरा चहा
नव्या रबराचा वास आला की मला कडेगावचा कोरा चहा आठवतो. साताऱ्यात रबरी नळ्यांनी दूध काढायच्या यंत्रांच्या कारखान्यात ग्राहकांच्या तक्रारी डिझाइन विभागाला सांगायचं काम माझं होतं. कडेगावच्या एका बाईंचा फोन आला, "आवं सायेब, दूध संपलं तरी यंत्र वडतच ऱ्हातंय, म्हशी लाथा झाडत्यात." मी विभागात जाऊन ती म्हैस लाथांसकट करून दाखवली. इंजिनिअर पोट धरून हसले. तक्रार मात्र कुणी लिहून घेतली नाही आणि मीही लिहून दिली नाही. पंधरवड्यानं बाईंच्या गोठ्यावर गेलो, तेव्हा त्यांच्या दोन्ही म्हशींच्या कासा सुजून कायमच्या गेल्या होत्या. बाईंनी चहा पुढं केला. "दूध न्हाई, सायेब. पर तुमी सांगितलं असंल की त्यास्नी?" "सांगितलं," मी म्हणालो. खोटं नव्हतं, इतकं रंगवून मी आजवर दुसरं काहीच सांगितलेलं नाही.