भोंग्याचा गप्प दिवस

बसस्थानकात त्याला कुणी खऱ्या नावाने हाक मारली असती, तर तो स्वतःच मागे वळला नसता. सगळ्यांचा तो भोंगा. सव्वीस वर्षं चौकशीच्या खिडकीमागे, कपाटाएवढ्या खोलीत बसून तो गाड्या पुकारत आला होता. खोलीत एक माइक, एक कुरकुरणारा पंखा, वेळापत्रकाचा तेलकट पुठ्ठा आणि पाण्याचा स्टीलचा पेला. पुकारण्याआधी लोकांनी कान टवकारावेत म्हणून टिंग-टाँग वाजणारं एक यंत्र होतं, ते अकरा वर्षांपूर्वी जळालं. नवीन मागवल्याचा कागद वर गेला तो वरच राहिला. तेव्हापासून भोंगा माइकपुढे पेला ठेवायचा आणि किल्ल्यांच्या जुडग्याने त्यावर तीन टोले द्यायचा. दोन लागोपाठ, मग जरा दम खाऊन तिसरा. तेवढ्यावर बाकावर पेंगणारा माणूस दचकून सामान चाचपायचा, चहावाला किटली खाली ठेवायचा आणि मागच्या डेपोत गाडीखाली उताणा पडलेला मिस्त्री हातातला पाना थांबवायचा.

मध्यंतरी साहेबांनी सुचवलं होतं, सगळं टेप करून टाकू, तुम्हालाही आराम. भोंगा म्हणाला, "साहेब, गाडी पंक्चर आहे म्हणून उशीर की ड्रायव्हर जेवतोय म्हणून, हे टेपला काय कळणार?" आणि तो खरंच तसं सांगायचा. "प्रवाशांनी घाई करू नये. चालक जेवत आहेत. दोन घास राहिलेत." अख्खा स्टँड हसायचा आणि चालक खाली मान घालून तिसरा घास गिळायचा.

मिस्त्री म्हणजे याच्या अगदी उलटा. डेपोत ब्रेकचं काम त्याच्याकडे. दिवसाला डझनभर शब्द, त्यातले निम्मे पान्यांचे नंबर. या दोघांचं जमलं कसं हे कोडं कुणालाच सुटलं नाही. दर शनिवारी सुट्टी धरून दोघं गावाबाहेरच्या तळ्यावर गळ टाकायला जायचे. मिस्त्री मासे पकडायचा, भोंगा बोलायचा. दोरीवरचं बूच जरा हललं की याने सुरू करावं, "गळ क्रमांक दोनवर येणारा मासा थोड्याच वेळात..." आणि माशाने परस्पर दुसरी वाट धरावी. शेवटी मिस्त्रीने त्याला शंभर पावलं लांब बसवायला सुरुवात केली. तिथूनही ऐकू यायचंच. इतक्या वर्षांत भोंग्याने एक मासा पकडला असेल तर शपथ.

गेल्या वर्षी त्याच्या आवाजावर गंज चढायला लागला. दोघांनाही वाटलं, माइक बिघडला. मिस्त्रीने दोन महिन्यांत तीनदा माइक उघडला, तारा बदलल्या, जाळी घासून लख्ख केली. भोंगा तिकडून पुकारायचा आणि हा गाडीखालून ओरडायचा, "अजून खरखरतोय!" मग एका शनिवारी तळ्यावर चपलेत गांडूळ शिरलं म्हणून भोंग्याने एक सणसणीत शिवी हासडली. माइक तिथून तीन मैलांवर होता. शिवी खरखरत आली. मिस्त्रीच्या हातातली काठी तशीच राहिली.

"माइकला काही झालेलं नाही रे," तो म्हणाला.

तपासण्या झाल्या. डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नाही. घशात गाठ आहे, वाईट आहे, स्वरयंत्रच काढावं लागेल. पुढे श्वास गळ्याला पाडलेल्या भोकातून घ्यायचा. पाण्यात पोहणं बंद. काही जण पुढे यंत्र लावून वगैरे बोलायला शिकतात, पण तो आवाज आपला नसतो. आणि नाही काढलं तर? डॉक्टरांनी टेबलावरचा कॅलेंडरचा ठोकळा दोनदा उलटापालटा केला आणि म्हणाले, "हे वर्ष धरून चालू नका."

भोंग्याने संमतीचा कागद घडी करून खिशात घातला आणि घरी येऊन जाहीर केलं, सही करणार नाही. असेन तोवर बोलेन, मग गप्पच आहे की कायमचं.

त्याची बायको डेपोच्या फाटकाशी आली. एरवी ती मिस्त्रीशी दोन वाक्यांपलीकडे बोलत नसे.

"भावोजी, सोमवारी सकाळपर्यंत कागद द्यायचाय. नाहीतर तारीख दुसऱ्याला जाते. माझं ऐकत नाहीत. माझ्यापुढे तर उलट जास्तच बोलतात, मुद्दाम."

"बघतो वहिनी."

"नुसतं बघू नका हो."

मिस्त्री चौकशीच्या खिडकीमागे जाऊन उभा राहिला. काय बोलावं हे त्याला सुचायच्या आत भोंगाच म्हणाला, "तिने पाठवलं ना? मग ऐक. उद्या शनिवार. सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत मी तोंडातून एक अक्षर काढणार नाही. जमलं, तर तिथेच सही करतो. नाही जमलं, तर तू आणि तिने हा विषय पुन्हा काढायचा नाही. मला स्वतःलाच बघायचंय, आत काही शिल्लक राहतं का ते."

"कुजबुजलास तर?"

"ते पण धरायचं."

"शिंकलास तर?"

"शिंक माफ. गाढवा, शिंक काय शब्द आहे?"

तळ्यावर पोचले तेव्हा सूर्य वर येतच होता. भोंग्याने एकदा खाकरून घेतलं, शेवटचं म्हणून "चल, बंद" असं पुटपुटला आणि ओठ मिटले. मिस्त्रीने त्याच्या गळाला कणकेची गोळी लावून दिली आणि सवयीने शंभर पावलं चालून आपल्या दगडावर जाऊन बसला.

पहिला तास बरा गेला. मिस्त्रीला दोन लहान मासे लागले. दुसऱ्या तासाला त्याला कसंतरी व्हायला लागलं. गाडीचा एखादा आवाज रोज ऐकून कान विसरलेले असतात, तो अचानक थांबला की मिस्त्री खडबडून उठतो, तसं. तो सारखा मागे वळून बघायला लागला. भोंगा बसलेला. मान ताठ, जबडा आवळलेला, जसा काही दातात खिळा धरलाय. शेवटी मिस्त्री काठी, हातजाळी जागच्या जागी टाकून त्याच्याजवळ जाऊन बसला आणि जन्मात पहिल्यांदा विनाकारण बोलायला लागला.

"पाणी उतरलंय जरा." भोंग्याने मान हलवली.

"कणीक घट्ट झाली वाटतं." मान.

"तुझी गेल्या वर्षीची टोपी कुठे गेली?" भोंग्याने खांदे उडवले. डोळ्यांत मात्र उत्तर उड्या मारत होतं.

मिस्त्रीने उकडलेलं अंडं सोललं, अर्धं त्याला दिलं आणि पाण्याकडे बघत म्हणाला, "आता ऐक. तुला उलट बोलता येत नाहीये तोवर सांगून टाकतो. हॉर्न गेलेल्या किती गाड्या मी डेपोपर्यंत आणल्यात. काही बिघडत नाही. हात बाहेर काढायचा, दार बडवायचं, लोक होतात बाजूला. इंजिन बसलं ना, की मात्र ढकलायला दहा माणसं लागतात. आणि आपल्याकडे दहा माणसं नाहीत. वहिनी आहे आणि मी आहे. माझी कंबर गेलीये."

भोंग्याने मूठ वळून दाखवली आणि अंडं तोंडात कोंबलं.

दुपारी दोनच्या सुमारास बांधावरून एक म्हातारी आली. डोक्यावर गाठोडं, हातात चपला.

"बाबांनो, स्टँड किती लांब? पुलापलीकडे जाणारी गाडी किती वाजता?"

"तासाभराची वाट आहे, मावशी," मिस्त्री म्हणाला. "गाडी चारला."

भोंगा अंगावर पाणी पडल्यासारखा ताडकन उठला. चार? शनिवारी ती गाडी तीन वीसला सुटते, गेल्या पावसाळ्यापासून. चारच्या हिशेबाने गेली तर म्हातारी उद्या सकाळपर्यंत बाकावर. त्याचं तोंड उघडलं. मिस्त्रीने डोळे मिटून घेतले. पण आवाज आला नाही. भोंगा म्हातारीच्या पुढ्यात जाऊन उभा राहिला. तीन बोटं. मग दहाही बोटं, दोन वेळा. मनगटावर टिचकी. मग सहा बोटं आणि पायाने जमिनीवर थाप. डावा खांदा थोपटून त्याने डावीकडचं फाटक दाखवलं.

"तीन वीस?" म्हातारी म्हणाली. "फलाट सहा? डावीकडून शिरायचं?"

भोंग्याने जोरजोरात मान हलवली.

"त्याचंच ऐका मावशी," मिस्त्री ओशाळून म्हणाला. "तो गाड्यांतला माणूस आहे."

"मुका आहे का हो बिचारा?"

भोंग्याचे कान लाल झाले. मिस्त्री म्हणाला, "आजच्या दिवस."

"काय तरीच!" म्हातारीने गाठोडं सावरलं. "बोलणाऱ्याने चुकीचं सांगितलं आणि याने बरोबर. देव बरं करो." आणि झपाझप चालायला लागली.

ती बांधाच्या वळणाआड जाईपर्यंत भोंगा उभाच होता. मग खाली बसला, आपल्या दहा बोटांकडे एकदा उलटून पालटून बघितलं आणि मिस्त्रीला हाताने खूण केली, जा तू आपल्या दगडावर. जा. मिस्त्रीला कळेना, राग आला की काय. पण गेला.

पाच वाजून गेले. मिस्त्री झुडपामागे मोकळा होत होता, तेव्हा भोंग्याचं बूच एकदा थरथरलं. पुकारणारा कुणी नव्हता. बूच पुन्हा थरथरलं, आडवं झालं आणि गुडुप बुडालं. भोंग्याने काठी उचलली आणि ती त्याच्या हातातच वाकली. हा काही बोटाएवढा मासा नव्हता. दोरी तळ्याच्या मध्यापर्यंत गेली, परत फिरली, पुन्हा गेली. जाळीशिवाय असला मासा काठावर येत नाही, एवढं भोंग्यालाही माहीत होतं. जाळी शंभर पावलांवर. मिस्त्री झुडपामागे. एक हाक पुरे होती. गंजलेली का होईना, शंभर पावलं गेलीच असती.

त्याने काठी दोन्ही मांड्यांत दाबली, एका हाताने धरून ठेवली आणि दुसऱ्या हाताने खिसा चाचपला. चहाचा स्टीलचा पेला दगडावर होता. जुडगं हातात आलं.

टण-टण. आणि जरा दम खाऊन, टण.

मिस्त्रीला विचार करायला वेळच लागला नाही. अकरा वर्षं त्याचं डोकं त्या टोल्यांवर आपोआप वर होत आलं होतं. एका हाताने विजार धरून तो झुडपातून धावत सुटला, वाटेत जाळी उचलली आणि बूट न काढता थेट पाण्यात.

"सैल सोड! ओढू नको! आता ओढ! अरे ओढ म्हणतो ना, सोड!"

दहा मिनिटं ही झटापट. विजार कधीच खाली गेली होती, तिच्याकडे बघायला कुणाला सवड नव्हती. शेवटी जाळी माशाखाली गेली आणि दोघं चिखलात बसकण मारून पडले. कोपरापासून बोटांपर्यंत भरेल एवढा मासा मध्ये तडफडत होता.

"बापरे!" मिस्त्री ओरडला. "कसला आहे रे! अरे, बोल की काहीतरी!"

भोंग्याचा चेहरा उजळून निघाला होता. त्याने छातीभर श्वास घेतला, तोंड उघडलं, आणि मिस्त्रीला समोर टेकडीवर हातभर उरलेला सूर्य दिसला. त्याने माशाने माखलेला पंजा तसाच भोंग्याच्या तोंडावर दाबला.

भोंग्याने नाकाने दोन-तीन श्वास सोडले. मग त्याने तो हात हळूच बाजूला केला, तोंड मिटलं आणि माशाच्या पाठीवरून बोट फिरवलं, शेपटीपर्यंत.

सूर्य उतरत गेला. मिस्त्री म्हणाला, "मावळला." भोंग्याने मान हलवली आणि टेकडीवर उरलेली लालसर कड बोटाने दाखवली. ती पुरती जाईपर्यंत तो थांबला. मग बाजूला थुंकला.

"हात धुवायचा असतो, गाढवा," तो म्हणाला.

त्यानंतर खिशातून कागद काढला, कणकेच्या डब्याचं झाकण खाली धरलं आणि मिस्त्रीच्या पेनने सही केली. अंगठ्याखाली एक खवला चिकटून राहिला.

घरापर्यंतची वाट तो एकटाच बोलत होता. दिवसभराची सगळी उत्तरं त्याने ओळीने जपून ठेवली होती. "सकाळी नऊला सुटणारं टोपीबद्दलचं उत्तर काही कारणाने उशिराने सुटत आहे. टोपी तूच नेलीस, ग्रीस पुसायला. आणि इंजिनाचं म्हणशील तर तुझी कंबर इंजिनाआधी जाणार, लिहून ठेव. आणि चारची गाडी? अरे, सव्वीस वर्षं तू गाडीखाली झोपा काढत होतास का?" एरवी मिस्त्रीने कानात बोटं घातली असती. आज तो जाळी खांद्यावर टाकून निमूट चालत होता आणि उत्तर संपतंय असं वाटलं की मुद्दाम विचारत होता, "आणि कणकेचं रे?"

गल्लीच्या तोंडाशीच बायकोने तो आवाज ऐकला. ती दारात उभी होती. आवाज जसजसा जवळ आला तसा तिचा चेहरा उतरत गेला. चौकटीला धरून तिने मिस्त्रीकडे बघितलं. "बोलले ना?"

"वहिनी, आधी घड्याळ बघा," मिस्त्री म्हणाला.

भोंग्याने कागद पुढे केला. तिने तो दिव्याखाली नेला, सही बघितली, खवला नखाने काढला, पुन्हा सही बघितली. मग पाठमोरीच म्हणाली, "सोमवारी किती वाजता निघायचं?"

भोंग्याने तोंड उघडलं, आणि मिटलं. तिच्या समोर जाऊन उभा राहिला. सहा बोटं दाखवली, मग सातवं अर्ध्यात मुडपून वर केलं.

"साडेसहा," ती म्हणाली.

त्याने मान हलवली.

तिने पदराने नाक पुसलं. "कळतंय मला. आणि हा एवढा मासा साफ कोण करणार?"

भोंग्याने एक बोट उचललं आणि मिस्त्रीकडे रोखलं.