मार खाईल असं मशीन

मायाक्का कोळेकरच्या उजव्या भुवईतून एक पांढरी रेघ गेली आहे. तिथे केस उगवत नाहीत. मागच्या वर्षी मे महिन्यात मंद्रूपजवळच्या एका शेतात धुळाप्पाने तिच्या मोजणीच्या मशीनवर कुदळ घातली, तेव्हा उडालेला तुकडा तिथे घुसला होता.

मायाक्का माझी विद्यार्थिनी. मेंढरं राखणाऱ्या घरातली, कमी बोलणारी. मैदानावर कबड्डीच्या रेषा आखायच्या असल्या की फक्कीचं डबडं तिच्याच हातात असायचं. दुसऱ्या कुणाची रेघ वाकडी गेली तर ती पायाने पुसून टाकायची, मग कुणी मारायला धावलं तरी तिथून हलायची नाही. पुढे तिने सोलापूरच्या आयटीआयमध्ये सर्व्हेअरचा कोर्स केला. गेली नऊ वर्षं ती मोजणीची खासगी कामं घेते. काठीच्या टोकावर बसवलेलं मशीन उपग्रहांवरून जागा ठरवतं आणि ती शेताच्या एकेका कोपऱ्यावर काठी उभी करत जाते. ऐकायला सोपं वाटतं. पण आमच्याकडे लोक मोजणीला बोलावतात ते भांडण हातघाईवर आल्यावर.

धुळाप्पा आणि रुद्रप्पा हे चुलत भाऊ. दोघांच्या शेतांमध्ये एक बांध आणि बांधाच्या शेवटाला एक विहीर, ती रुद्रप्पाच्या ताब्यात. तीस वर्षांपूर्वी तिथे मोजणी लागली होती. अर्धं शेत मोजून झालं आणि रेघ आपल्या पेरणीत शिरते आहे असं दिसताच धुळाप्पाच्या बापाने मोजणीदाराच्या फळीवरचा नकाशाचा कागद ओढून फाडला. कागद गेला तशी मोजणीही गेली. पुन्हा कुणी नाव काढलं नाही. पंधरा वर्षांच्या धुळाप्पाने ते बांधावर उभं राहून पाहिलं होतं. जमीन राखायची तर मोजणी पुरी होऊ द्यायची नाही, एवढं तो बापाकडून शिकला.

म्हणून मागच्या मे महिन्यातही रेघ त्याच्या बाजूला सरकू लागताच त्याने कुदळ उचलली. दोन घाव काठीवरच्या मशीनवर आणि एक हातातल्या स्क्रीनवर. मायाक्काचं ते मशीन जुनं, दुसऱ्याकडून घेतलेलं. दिवसभराचे सगळे बिंदू त्या स्क्रीनच्या आतच होते. ते गेले. भुवईतून रक्त गळत असताना ती ढेकळांतून तुकडे वेचत होती.

हद्दीचे दगड रोवले गेले नाहीत. आठ दिवसांनी दोघे भाऊ त्याच बांधावर भिडले. रुद्रप्पाने धुळाप्पाच्या तोंडावर दगड घातला. त्याचे पुढचे चार दात गेले. खाली पडलेल्या धुळाप्पाने हाताशी आलेली पहार फिरवली आणि ती रुद्रप्पाच्या डाव्या मनगटावर बसली. डॉक्टरांनी हात वाचवला, पण त्याची बोटं आता मिटत नाहीत.

मायाक्का दवाखान्यात त्याला बघून परत आली आणि माझ्याकडे येऊन बसली. चहा निवला तरी तिने हात लावला नाही. "बाई, त्या दिवशी माझी मोजणी पुरी झाली असती, तर ह्यो हात ऱ्हायला असता," म्हणाली. तिचा काही दोष नाही, हे मी तिला दोन-तीनदा समजावलं. तिने ऐकून घेतलं, पण तिला ते पटलं नव्हतं.

मग तिने नवीन मशीन शोधायला घेतलं. संगमेश नावाचा एक विक्रेता तीन मशीनं घेऊन तिच्या वस्तीवर आला. बोलका, इस्त्रीचा शर्ट घातलेला. कुठलं मशीन किती अचूक, काठी तिरकी धरली तरी कसं चालतं, हे तो घडाघडा सांगत होता. मायाक्काने सगळं ऐकलं आणि विचारलं, "अचूक हाय ते सगळेच सांगत्यात. मार खाल्ल्यावर किती अचूक हाय, ते सांगा की."

संगमेश हसला. मग तिची भुवई बघून त्याने तिन्ही मशीनं तिच्यापुढे सरकवली.

तिने आधी तिन्ही मशीनं चालू करून दुपारच्या उन्हात पत्र्यावर ठेवली. तासाभरात एकाने तापून मान टाकली. उरलेली दोन काठीच्या उंचीवरून मुरमावर पडली, म्हणजे तिने पाडली. संगमेशने डोळे मिटून घेतले होते. त्यानंतर ती दोन्ही शेळ्यांच्या पाण्याच्या डोणीत बुडवून ठेवली. एक हलकं, देखणं, पण त्याचं सगळं टिपण हातातल्या स्क्रीनमध्ये. दुसरं बोजड, मळकट पिवळं, जाड धातूच्या अंगाचं. ते प्रत्येक बिंदू स्क्रीनमध्ये लिहायचं आणि स्वतःच्या पोटातही. बॅटरी उपसून काढली तरी पोटातलं जायचं नाही. अचूक जागेसाठी मशीनला मोबाईलची रेंज लागते आणि नदीकडे ती नसते, म्हणून त्याच्या जोडीचं दुसरं यंत्र शेतातच तिवईवर उभं करायची सोय होती. तिने पिवळं घेतलं. दिवसभर ते वागवून खांदा मोडेल, असं संगमेश म्हणाला. मोडला तर माझा मोडेल, असं उत्तर त्याला मिळालं.

यंदा एप्रिलमध्ये, ज्वारी निघाल्यावर, रुद्रप्पाने पुन्हा मोजणी मागितली. गावातल्या चार माणसांनी धुळाप्पाचीही सही आणली. मायाक्का सकाळी सातला शेतात उभी होती. यावेळी दगड रोवल्याशिवाय परतायचं नाही, हे ती मला आदल्या दिवशी सांगून गेली होती.

अकरा बिंदूंपैकी नऊ झाले. उरलेले दोन विहिरीजवळचे. रेघ वरच्या अंगाला धुळाप्पा पेरत आलेल्या जमिनीत चार गुंठे शिरली होती. तो खोरं घेऊन आला. पहिला घाव मायाक्काच्या खांद्यावर, खोऱ्याच्या पाठीने. ती गुडघ्यावर बसली. मग त्याने काठी आडवी पाडून मशीनला तीन घाव घातले, उचललं आणि विहिरीत फेकलं. त्याच्या तोंडाला फेस आला होता. रुद्रप्पा उजव्या हातात विळा घेऊन धावला. त्याच्या आणि धुळाप्पाच्या मध्ये चार पावलं उरली असतील, तेवढ्यात मायाक्का उठून उभी राहिली.

"रुद्रप्पा आण्णा, इळा खाली ठेवा. मोजणी अजून चालू हाय."

रुद्रप्पा थांबला. धुळाप्पा बांधावर बसून तंबाखू मळू लागला. त्याच्या हिशेबी काम संपलं होतं. बापाने कागद फाडल्यावर कुणी काही करू शकलं नव्हतं.

मायाक्काने बादली काढायचा गळ मागवला. दुखरा हात पोटाशी धरून ती एका हाताने दोर हलवत राहिली. वीस मिनिटं गेली. मशीन वर आलं तेव्हा त्याला शेवाळ लागलं होतं, एक कोपरा चेपला होता आणि हिरवा दिवा लुकलुकत होता. तिने ते ओढणीने पुसलं. पुढच्या कामाला न लागता ती मागे सकाळच्या पहिल्या बिंदूवर गेली, तिथे काठी उभी केली आणि सकाळचा आकडा ताडून पाहिला. बोटभरही फरक नव्हता. तो आकडा तिने दोघा भावांना वाचून दाखवला.

मग उरलेले दोन बिंदू. रेघ खाली येताना वळली आणि विहिरीच्या मधून गेली. ज्या विहिरीच्या पायऱ्यांवरच्या फाटकाला रुद्रप्पाने इतकी वर्षं कुलूप लावलं होतं, तिचा अर्धा घेर आणि सगळ्या पायऱ्या धुळाप्पाच्या निघाल्या. बापाने आणि मुलाने दोन्ही वेळा मोजणी विहिरीपर्यंत पोचूच दिली नव्हती. धुळाप्पाची तंबाखू हातातच राहिली. त्याने पुन्हा मोजायला लावलं. तिने पुन्हा मोजलं. रेघ तीच.

आमच्या भागात हद्दीचा दगड दोन्ही मालकांनी मिळून खड्ड्यात ठेवायचा असतो. त्यावर भंडारा पडला की तो कुणी उपटत नाही. दगड जड होते. रुद्रप्पाचा एकच हात धड. पहिल्या खड्ड्याशी तो दगडाची एक बाजू धरून वाकून उभा राहिला, तेव्हा दुसरी बाजू धरायला धुळाप्पाला खाली बसावं लागलं. असे अकरा दगड. मायाक्का दुखऱ्या हाताने भंडारा टाकत गेली.

शेवटचा दगड बसल्यावर रुद्रप्पाने आपला डावा हात तिच्यापुढे धरला. बोटं अर्धवट वाकलेली, आत माती अडकलेली.

"पोरी, हेच मशीन पयल्यांदाच का न्हाय आणलंस?"

मायाक्काने बाटलीतलं पाणी त्याच्या हातावर ओतलं आणि बोटांमधली माती धुऊन काढली. मग चेपलेलं मशीन पेटीत ठेवलं, पेटी चांगल्या खांद्यावर घेतली आणि नव्या दगडांच्या कडेकडेने रस्त्याला लागली.